सत्कार पुरे, आता सोबत करू या

जून-जुलै आला की आपल्याकडे सत्कारांचा हंगाम सुरू होतो. पेण असो, रोहा असो की नागोठणे, जमातीचा हॉल ठरतो, दहावी-बारावीच्या 'गुणवंत' मुलामुलींची यादी होते. तिलावतीने सुरुवात, मग ट्रॉफी, सॅक आणि गुलाबाचे फूल. मुंबई किंवा पनवेलहून आलेले करिअर मार्गदर्शक पाऊण तासात शंभर कोर्सची नावे सांगतात. कुणीतरी बॅरिस्टर अंतुले यांचे नाव घेतो, 'आंबेतचा मुलगा मुख्यमंत्री होऊ शकतो तर तुम्ही का नाही?' असे विचारतो. टाळ्या पडतात, फोटो निघतात, जेवण होते. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून मलाही या मंचांवर बोलावणे येते. तिथून समोर पाहताना एक गोष्ट दरवर्षी जाणवते: ज्यांना मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज आहे, ती मुले हॉलमध्ये नसतात.

नव्वद टक्केवाल्या मुलाला रस्ता साधारण माहीत असतो. त्याचे शिक्षक त्याच्या मागे असतात, मामा-चाचा चौकशी करतात, कोचिंग क्लासवाले स्वतःहून फोन करतात. पन्नास-पंचावन्न टक्के मिळवून तालुक्याच्या कॉलेजात आर्ट्स किंवा कॉमर्सला गेलेल्या मुलाचे काय? त्याला कोणी फोन करत नाही. त्याचा सत्कार नसतो म्हणून तो कार्यक्रमालाही येत नाही. आपल्या समाजातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींमध्ये बहुसंख्य हीच आहेत. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

निवड होते कशी?

अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' नावाची दोन वर्षांची कॉलेजे असतात. घराजवळ, कमी फीची, प्रवेशाला फार अट नसलेली. आपल्या तालुक्याची कॉलेजे बऱ्याच अंशी तेच काम करतात. रोज सकाळी एसटीने, डेमू-मेमूने, सहा आसनी रिक्षाने आसपासच्या गावांतली मुले पेणला आणि रोह्याला येतात. फरक असा की तिकडे विद्यार्थ्याशी बसून बोलणारा करिअर सल्लागार हा कॉलेजचा पगारी माणूस असतो. इकडे ते काम बहुधा एखाद्या प्राध्यापकाच्या अंगावर टाकलेली जादा जबाबदारी असते.

मग मुले निवड कशी करतात? गेली काही वर्षे आम्ही चार-पाच मित्र रविवारी अशा मुलांसोबत बसतो. 'हा कोर्स का घेतलास?' या प्रश्नाला मिळणारी उत्तरे मोजकी आहेत. 'मित्राने घेतला.' 'जवळ होते.' 'फी कमी होती.' 'सायन्स नाही मिळाले.' मुली बऱ्याचदा म्हणतात, 'घरून एवढ्यालाच परवानगी होती.' 'मला अमुक काम करायचे आहे, म्हणून हा कोर्स' असे उत्तर फार क्वचित येते. यात मुलांचा दोष नाही. जे काम कधी पाहिलेच नाही, ते करावेसे वाटणार कसे?

पेणचे उदाहरण घ्या. पेणच्या गणेशमूर्ती देशभर आणि परदेशातही जातात. तिथल्या कारखान्यांच्या आसपास वाढलेल्या मुलाला साचा कसा भरतात, रंगकाम कधी सुरू होते, डोळ्यांची आखणी करणाऱ्याला जास्त मान आणि जास्त पैसे का मिळतात, हे कोणी शिबिर घेऊन शिकवलेले नसते. त्याने ते पाहिलेले असते. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलाने लहानपणापासून काय पाहिले? दोन वर्षांनी सुट्टीवर येणारे चाचा, दोरीने बांधलेले कार्टन, त्यातली चॉकलेटे आणि परफ्यूम. चाचा तिकडे आठ तास नेमके काय करतात हे मात्र पाहिले नाही. त्यामुळे 'पुढे काय करणार?' या प्रश्नाला त्याच्याकडे एका देशाचे नाव असते, कामाचे नसते. 'दुबई' किंवा 'सौदी' हे काही करिअर नाही.

आखाताची वाट

आखाताने आपल्याला खूप दिले, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. श्रीवर्धन-म्हसळ्यापासून मुरूड-रोह्यापर्यंतची किती घरे, किती शाळा, किती बहिणींची लग्ने त्या पैशावर उभी राहिली. पण ती वाट आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा हजारो कुटुंबे एका रात्रीत रिकाम्या हाताने परतली. २०११ पासून सौदीने 'निताकात' लागू करून स्थानिकांना नोकऱ्यांत वाटा देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. २०२० मध्ये कोविड आला आणि विमानेच थांबली. अलीकडे सौदीने इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, एसी मेकॅनिक अशा कामांसाठी व्हिसाआधी कौशल्याची परीक्षा सुरू केली आहे. म्हणजे 'मामूने व्हिसा पाठवला' एवढ्यावर आता भागत नाही. हातात कसब आहे का, हे कागदावर आणि प्रत्यक्षात दाखवावे लागते.

म्हणून माझे म्हणणे 'गल्फला जाऊ नका' असे नाही. जायचे असेल तर कशासाठी जाता ते ठरवून जा. आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन गेलेला वेल्डर आणि तसाच गेलेला हेल्पर एकाच विमानात बसतात, पण त्यांचा पगार, खोली आणि परतीनंतरचे आयुष्य वेगळे असते. काही साध्या गोष्टीसुद्धा अनेकांना माहीत नसतात. दहावी नापास माणसाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येतो आणि आखातासह अठरा देशांत नोकरीला जाण्यासाठी त्याला सरकारी परवानगी लागते. दहावी पास झाल्यावर हा अडसर जातो. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. लाख-दीड लाख मागणाऱ्या माणसाला पैसे देण्याआधी ही तीन वाक्ये माहीत असती तर किती घरांचे दागिने वाचले असते!

तीस-चाळीस मैलांतले काम

आता घराजवळ पाहू. रोहा शहराला लागून धाटाव एमआयडीसी आहे. सुदर्शन केमिकल, दीपक नायट्राइट, एक्सेल अशा रसायन कंपन्यांचे कारखाने तिथे आहेत. रोहा तालुक्यातच नागोठण्याला पेट्रोकेमिकल संकुल आहे. पेण तालुक्यात डोलवीला जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे, त्याची क्षमता वर्षाला १ कोटी टन आहे. पलीकडे उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर आणि त्याभोवती पसरलेली गोदामे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आणि डिसेंबरमध्ये तिथून विमाने उडू लागली. हे सगळे आपल्याच जिल्ह्यात आहे.

आपल्या मुलांना या कारखान्यांची ओळख बहुधा दोनच प्रकारे असते: रात्री येणारा वास आणि गेटवर कंत्राटी कामगारांची रांग. आत काय चालते? प्लँट चालवणारा ऑपरेटर असतो. त्यासाठी आयटीआयत 'अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लँट' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. प्रयोगशाळेत कच्चा आणि पक्का माल तपासणारे असतात. ते बहुतेक रसायनशास्त्राचे बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. असतात. बॉयलर चालवायला सरकारी परीक्षा पास झालेला बॉयलर अटेंडंट लागतो. इन्स्ट्रुमेंटेशनवाला, फिटर, इलेक्ट्रिशियन लागतो. सुरक्षेसाठी सेफ्टी ऑफिसर लागतो. इंजिनिअरिंग डिप्लोमावाला किंवा भौतिक वा रसायनशास्त्राचा पदवीधर काही वर्षांच्या अनुभवानंतर औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स डिप्लोमा करून त्या वाटेला जाऊ शकतो. बंदरात आणि गोदामांत कस्टम्सची कागदपत्रे करणारे, माल नोंदवणारे, हिशेब ठेवणारे लागतात, तिथे बी.कॉम.चा उपयोग होतो. सत्काराच्या मंचावरून यांतले एकही नाव मी कधी ऐकलेले नाही.

आणखी एक गोष्ट मंचावरून सांगितली जात नाही: आयटीआय म्हणजे रस्त्याचा शेवट नव्हे. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आपल्या जिल्ह्यात लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. दहावीला पंचावन्न टक्के मिळालेला मुलगा या जिन्याने इंजिनिअर होऊ शकतो, फक्त त्याला जिना आहे हे कुणीतरी वेळेवर सांगितले पाहिजे.

शिकाऊ उमेदवारीचेही तसेच. १९६१ च्या कायद्यानुसार ३० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. हे फक्त आयटीआयवाल्यांसाठी नाही, बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही एका वर्षाची शिकाऊ उमेदवारी करता येते. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात बारावीवाल्याला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले. अशा योजना येतात, बदलतात, बंदही होतात. त्यांच्यावर नजर ठेवणारा एक माणूस प्रत्येक मोहल्ल्यात हवा.

'आपल्याला कोण घेणार?'

इथे बरीच मुले मधेच थांबवतात. 'भाई, हे सगळे ठीक आहे, पण नाव वाचून आपल्याला कोण घेणार?'

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. मुस्लिम आणि दलित नावांच्या अर्जांना मुलाखतीचे बोलावणे कमी आले. त्याच्या आदल्याच वर्षी सच्चर समितीने दाखवून दिले होते की देशाच्या लोकसंख्येत १३.४ टक्के असलेले मुस्लिम आयएएसमध्ये सुमारे ३ टक्के आणि आयपीएसमध्ये सुमारे ४ टक्के आहेत. भेदभाव आहे. त्याविरुद्ध बोलले पाहिजे, कायद्याने लढले पाहिजे, आणि आपली चळवळ ते करते आहे.

पण रविवारच्या बैठकीत मला दुसरी बाजूही दिसते. बहुतेक मुलांचा अर्ज नाकारला गेलेला नसतो. अर्ज गेलेलाच नसतो. 'घेणार नाहीत' हे आधीच ठरवून टाकल्यामुळे फॉर्म भरला जात नाही, परीक्षेला बसले जात नाही. भेदभाव करणाऱ्याचे काम आपण फुकटात करून देतो. दुसरे असे की सगळीकडे दार सारखेच बंद नसते. लेखी परीक्षेच्या गुणांवर होणारी भरती, तांत्रिक प्रमाणपत्राची कामे, शिकाऊ उमेदवारी, जिथे कसब लगेच तपासून पाहता येते अशी कामे, इथे नावाचा परिणाम तुलनेने कमी पडतो असा माझा अनुभव आहे. आमच्या क्षेत्रातही कोड चालतो की नाही हे पाहता येते. अन्याय मान्य करूनही कुठल्या दारावर आधी थाप मारायची, हे ठरवता येते. चांगला मार्गदर्शक हे दोन्ही एकाच वेळी सांगतो.

भाषेचा प्रश्नही याच खात्यातला. आपल्याकडे बरीच मुले उर्दू माध्यमात शिकून अकरावीला एकदम इंग्रजी किंवा मराठी वर्गात येऊन बसतात. घरी कोकणी, शाळेत उर्दू, कॉलेजात तिसरीच भाषा. पहिल्या सहा महिन्यांत मागे पडलेले मूल 'मला अभ्यास जमत नाही' असे समजून बसते. तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद या भरत्यांना मराठी नीट लिहिता-वाचता येणे लागतेच. उर्दूचा अभिमान बाळगूनही आठवीपासून मराठीची तयारी करून घेणे सहज शक्य आहे.

सगळ्यांनी सॉफ्टवेअरमध्ये यावे का?

माझ्या पेशामुळे मला हमखास विचारले जाते, 'सर, कोडिंग करू की एआय?' सहा महिन्यांत मोठ्या पगाराची हमी देणाऱ्या क्लासच्या जाहिराती मुलांच्या मोबाइलवर रोज येतात. माझे उत्तर बऱ्याचदा त्यांना आवडत नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२,००० लोक कमी करण्याचे जाहीर केले. नवशिक्यांना मिळणारी सोपी कामे आमच्या क्षेत्रात कमी होत आहेत. ज्याला कोडी सोडवायला आवडते, चूक शोधत तीन-तीन तास बसायचा कंटाळा येत नाही, त्याने जरूर यावे. त्यासाठी आधी मोफत मिळणाऱ्या साहित्यावर तीन महिने स्वतः करून पाहावे, मग क्लासला पैसे द्यावेत. ज्याचे हात यंत्रावर चालतात त्याने लॅपटॉपच्या मोहाने इकडे येऊ नये.

आणि ज्यांना यायचेच आहे त्यांना नियम माहीत हवेत. २०२४ पासून महाराष्ट्रात बीसीए, बीबीए, बीएमएस अशा अभ्यासक्रमांना सीईटी लागू झाली. पूर्वी बारावीच्या गुणांवर थेट प्रवेश मिळायचा. हे बदलल्याची खबर तालुक्याच्या गावांत उशिरा पोचली. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. पसंतीक्रम कसा भरायचा, हे पेण-रोह्याच्या पालकांनी पहिल्यांदाच पाहिले. नियम मुंबईत बदलतो आणि त्याची किंमत गावातले मूल एक वर्ष गमावून मोजते.

मुलींचे काय?

सत्काराच्या यादीत वरची नावे बहुधा मुलींची असतात. पाच वर्षांनी त्या कुठे आहेत, याची यादी कोणी करत नाही. घरच्यांचा विरोध हे एकच कारण नेहमी सांगितले जाते. मी जे पाहिले त्यात विरोधापेक्षा काळजी जास्त असते आणि तिला ठोस उत्तर मिळाले की ती कमी होते. 'पनवेलला पाठवू कशी?' असे विचारणाऱ्या चाचांना 'काळ बदललाय' असे भाषण देऊन काही होत नाही. गाडी किती वाजता, परत किती वाजता, सोबत गावातल्या आणखी कोणत्या दोन मुली आहेत, हॉस्टेल कुठे, खर्च किती, हे सांगितले की बोलणे पुढे सरकते.

खर्चाचे उत्तर तर सरकारने बरेचसे दिले आहे. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, आर्किटेक्चर यांची फी पाहून मागे फिरणाऱ्या घरांनी हे दोन निर्णय आधी वाचावेत.

कागद वेळेवर नसतील तर

वरच्या सगळ्या सवलती कागदावर अवलंबून आहेत. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, ओबीसी असल्यास जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. आपल्यातले अनेक जण खुल्या प्रवर्गात येतात, त्यांना ईडब्ल्यूएस लागू होऊ शकते, हेच माहीत नसते. मोमीन, पिंजारी, तांबोळी, बागवान अशा अनेक मुस्लिम जाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, पण दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो आजोबांच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये असतो. तो शोधायला दोन-तीन महिने जातात. प्रवेशाची मुदत मात्र आठवड्याची असते.

म्हणून ही कामे दहावी-बारावीच्या निकालानंतर काढू नयेत. नववीच्या आणि अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू करावीत. शाळेतल्या नावाचे, आधारवरच्या नावाचे आणि बापाच्या पासपोर्टवरच्या नावाचे स्पेलिंग एक आहे का, एवढे तपासले तरी निम्मी धावपळ वाचते. 'शेख', 'शैख', 'मोहम्मद', 'मुहम्मद', 'मो.' यांनी आपल्या मुलांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे कुठल्या अवघड पेपरने केले नसेल.

मग करायचे काय?

सरकारने प्रयत्न केले नाहीत असे नाही. २०१६ मध्ये राज्य मंडळाने दहावीसाठी कल चाचणी सुरू केली. २०२० मध्ये युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल आले. २०२३ च्या उन्हाळ्यात छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने राज्यभर युवाशक्ती करिअर शिबिरे झाली. या सगळ्यांत एक उणीव समान आहे. मुलाच्या हातात अहवाल येतो, पोर्टलचा पासवर्ड येतो, पत्रक येते; पण दुसऱ्या दिवशी 'आता पुढे काय?' असे विचारायला माणूस नसतो. चाचणीने 'तुझा कल तांत्रिक क्षेत्राकडे आहे' असे सांगितले, तरी आयटीआयचा फॉर्म कधी निघतो आणि कोणता ट्रेड घ्यायचा हे त्या कागदावर नसते.

ही जागा सरकार भरणार नाही. ती समाजातल्या माणसांनी भरायची आहे, आणि त्याला फार पैसा लागत नाही. माझा प्रस्ताव असा.

एका सोबत्याने पाच मुले घ्यावीत, दोन वर्षांसाठी. अकरावी ते बारावी, किंवा पदवीचे दुसरे वर्ष ते नोकरी. महिन्यातून एकदा समोरासमोर भेट, मधे गरज पडेल तेव्हा फोन. सोबती डॉक्टर-इंजिनिअरच हवा असे नाही. धाटावला शिफ्टमध्ये काम करणारा ऑपरेटर, बँकेतला कारकून, आखातातून परतलेला फोरमन, झेडपीच्या शाळेतल्या बाजी, हे सगळे माझ्यापेक्षा चांगले सोबती होतील, कारण त्यांना इथली वाट माहीत आहे. मुलींसाठी शक्यतो स्त्री सोबती असावी.

वर्षातून तीनदा मुलांना काम दाखवायला न्यावे. एकदा कारखान्यात, एकदा आयटीआय किंवा तंत्रनिकेतनात, एकदा कोर्ट, तहसील, बँक किंवा रुग्णालयात. कंपनीने गट आत घेतला नाही, तर तिथे काम करणाऱ्या माणसाला मोहल्ल्यात बोलवावे. त्याने यशाची कहाणी सांगू नये. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत काय करतो, पहिला पगार किती होता आणि कामातला कोणता भाग नकोसा वाटतो, हे सांगावे.

जमातीच्या हॉलमध्ये तारखांचा एक फळा लावावा. आयटीआय, डिप्लोमा, सीईटी, शिष्यवृत्ती, भरती, प्रत्येकाची शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत. जुम्याच्या नमाजनंतर एका मिनिटात ती वाचून दाखवावी. मशिदीत न येणाऱ्या आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलींसाठी तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर जावा.

आणि सत्काराच्या खर्चातला निम्मा भाग एका छोट्या निधीत टाकावा. परीक्षेची फी, कागदपत्रांचा खर्च, मुलाखतीला जाण्याचे तिकीट, हॉस्टेलची अनामत. रकमा लहान असतात, पण नेमक्या त्याच दिवशी घरात नसतात.

दोन वर्षांनी हिशेब मांडावा. किती ट्रॉफ्या वाटल्या याचा नको. चाळीस मुलांपैकी किती जण कुठल्यातरी कोर्सला, कामाला किंवा उमेदवारीला लागले, किती जण मधेच सुटले आणि का सुटले, याचा. मधेच सुटलेल्यांची यादी जास्त काळजीपूर्वक वाचावी, कारण पुढच्या वर्षी काय बदलायचे ते तिच्यातूनच कळेल.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेक जण नोकरी-धंद्याला लागलेले आहेत. ठाण्यात, पनवेलमध्ये, पुण्यात किंवा दोह्यात असाल. तुमच्या गावात अकरावीत शिकणारा एखादा भाचा, पुतणी, शेजारचे मूल नक्की असेल. या रविवारी त्याला फोन करा. 'पुढे काय करणार?' असे मात्र विचारू नका. त्याचे उत्तर त्याच्याकडे अजून नसते. 'तुझा उत्पन्नाचा दाखला काढला आहे का? आणि तुला कोणाचे काम एक दिवस जवळून पाहायला आवडेल?' असे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे जे उत्तर येईल, त्या कामातला एक माणूस शोधून देणे हे तुमचे पहिले काम.